वक्त्यानें नटापासून काय शिकावें?

(नभोवाणीवरील भाषण)

एखाद्याच्या बोलण्याची निंदा करावयाची झाली म्हणजे "हा फार नाटकी बोलतो" असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. "नाटकें करूं नकोस" हें वाक्य तर प्रत्येक घरांत मुलांना दिवसांतून एकदां तरी ऐकावें लागतें. असें असतां, वक्त्यानें नटाकडे जाऊन चार गोष्टी शिकाव्या असें मी आज सांगणार आहें, तेव्हां आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल ह्याची मला कल्पना आहे. पण थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, आपण ज्याला 'नाटकी' म्हणतों तो माणूस चांगला नट नसून वाईट नट असतो. चांगल्या नटाचें नाटक आपल्याला नाटक वाटतच नाहीं. तेव्हां नाटकी बोलण्यावर उपाय अभिनयापासून दूर पळणें हा नव्हे. अभिनय नीट समजून घेणें हाच तो उपाय होय.

आतां कोणी म्हणेल कीं, वक्तृत्वाची आम्हां संसारी माणसांना गरज काय? सभा गाजविणें हा पुढाऱ्यांचा धंदा आहे. ही समजूत आतां टाकून दिली पाहिजे. मी ज्या मुळशी तालुक्यांत मास्तरकीचीं तीस वर्षें काढलीं आणि जेथें आज लवासाजवळ मोसे नदीच्या खोऱ्यांत राहतों, त्या भागाचेंच उदाहरण घ्या. १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं टाटांच्या धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं ह्या तालुक्यांतल्या मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे ह्यांच्यासारखे पुढारी त्यांना लाभले. त्यानंतर आठ दशकांनीं त्याच तालुक्यांत, वरसगाव धरणाच्या जलाशयाकांठीं, दासवे गांवाजवळ लवासा हें नवें नगर उभें राहूं लागलें. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें तेथील काम जैसे थे ठेवण्यास फर्माविलें. २०११ सालीं अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी मिळाली. आणि २०१८ च्या ऑगस्टांत तें नगर उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रकरणांत राष्ट्रीय न्यायाधिकरणापुढें गेली. ह्या उलाढालींत ज्याची जमीन गेली तो शेतकरी, ज्यानें आयुष्याची पुंजी घालून घर घेतलें तो शहरांतला गृहस्थ, ज्याचें पोट त्या रस्त्यावरच्या रहदारीवर आहे तो दुकानदार, ह्या सर्वांवर कधीं ना कधीं चार लोकांत उभें राहून आपलें म्हणणें मांडण्याची पाळी येते. त्या वेळीं प्रत्येकाला सेनापति बापट कोठून मिळणार?

कायद्यानें बोलण्याचा हक्क दिलेला आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणें धरणें, खाणी, मोठे कारखाने अशा अनेक प्रकल्पांपूर्वीं जाहीर जनसुनावणी घ्यावी लागते. तिचें चित्रीकरण होतें, आलेल्या लोकांना बोलण्याची संधि मिळते, आणि मांडलेल्या मुद्द्यांचा सारांश शेवटीं लोकांना त्यांच्या भाषेंत वाचून दाखवावा लागतो. ग्रामसभाही वर्षांतून चार वेळां भरते. शहरांत राहणाऱ्यांना गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा चुकत नाहीं. पण हक्क मिळाला तरी तो बजावण्याचें साधन आपला कंठ हेंच आहे. जें ऐकूंच गेलें नाहीं, तें सारांशांत उतरणार कसें? खरी बाजू असलेला माणूस तोंडांतल्या तोंडांत पुटपुटून खालीं बसतो, आणि ज्याची बाजू लंगडी आहे तो खणखणीत बोलून टाळ्या घेतो, हें दृश्य आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे.

वक्ता व नट ह्यांचें नातें आजचें नाहीं. ग्रीस देशांतील डेमॉस्थिनीस ह्या प्रसिद्ध वक्त्याची हकीकत प्लूटार्कनें दिलेली आहे. अथेन्सच्या सभेंत फजीती होऊन तो तोंड झांकून घरीं निघाला असतां सॅटिरस नांवाचा नट त्याला भेटला. "माझ्यापेक्षां अडाणी खलाशांचें बोलणें लोक ऐकून घेतात," अशी तक्रार त्यानें केली, तेव्हां सॅटिरसनें त्याला युरिपिडीस किंवा सोफोक्लीस ह्यांच्या नाटकांतला एक उतारा म्हणावयास सांगितला. त्यानें तो म्हटला. मग तोच उतारा सॅटिरसनें भूमिकेला साजेल अशा स्वरानें व हावभावांनीं म्हणून दाखविला, आणि डेमॉस्थिनीसला तो उतारा अगदीं निराळाच वाटूं लागला. शब्द तेच, पण अर्थ आतां कोठें प्रगट झाला! त्यानंतर ह्या वक्त्यानें तोंडांत खडे धरून बोलण्याचा आणि चढ चढतांना एका दमांत वाक्यें म्हणण्याचा जो अभ्यास केला, तो सर्वश्रुत आहे. रोमचा सिसेरोही रॉशियस नांवाच्या नटापासून शिकला, आणि पुढें त्याच रॉशियसच्या वतीनें न्यायालयांत उभा राहिला. ग्रीक भाषेंत नटाचा अभिनय आणि वक्त्याची बोलण्याची ढब ह्या दोहोंना एकच शब्द होता. त्याच शब्दापासून पुढें ढोंग ह्या अर्थाचा इंग्रजी 'हिपोक्रसी' हा शब्द निघाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. गुण आणि दोष एकाच घरांत किती जवळ जवळ राहतात तें ह्यावरून कळतें.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या दोन कला एकाच काळीं, एकाच गांवांत वाढल्या. न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या पुढाकारानें पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ सालीं. आणि त्याच पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलें तें १८८० सालीं. आगरकरांसारख्या तर्ककठोर सुधारकानें शेक्सपिअरच्या हॅम्लेटचें 'विकारविलसित' हें भाषांतर केलें आणि गणपतराव जोशी ह्यांनीं ती भूमिका गाजविली. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे मुळांत शाळामास्तर. पण नटांना तालीम देण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता अशी त्यांची ख्याति आहे. आचार्य अत्रे हे शिक्षक, नाटककार आणि वक्ते असे तिन्ही होते, आणि ह्या तीन गोष्टी त्यांच्या ठिकाणीं निराळ्या काढून दाखवितां येणार नाहींत. ह्या सर्वांच्या आधीं आपले कीर्तनकार होतेच. नारदीय कीर्तनांत एकच मनुष्य, खांद्यावरच्या उपरण्याशिवाय दुसरें कोणतेंही साहित्य न घेतां, राजा होतो, भिकारी होतो, रुसलेली राणी होतो, आणि पुन्हा निरूपण करणारे बुवा होऊन आपल्याशीं बोलूं लागतो. वक्त्याला ह्याहून चांगली पाठशाळा कोणती पाहिजे?

आतां प्रत्यक्ष शिकावयाचें काय तें पाहूं. भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ह्यांपैकीं आहार्य म्हणजे वेषभूषा. तिच्याबद्दल वक्त्यानें एवढेंच पाहावें कीं, लोकांचें लक्ष आपल्या कपड्यांकडे जाऊं नये. फार भपक्यामुळेंही नाहीं आणि फार गबाळेपणामुळेंही नाहीं. राहिले तीन. त्यांतला वाचिक अभिनय आपल्या कामाचा सर्वांत अधिक, म्हणून त्याचाच विचार आधीं करूं.

भरतांनीं आवाजाचीं तीन स्थानें सांगितलीं आहेत: उर, कंठ आणि शिर. जवळच्या माणसाशीं बोलतांना आवाज उरांतून, थोड्या अंतरावरच्याशीं कंठांतून, आणि दूरच्याला हांक मारतांना शिरांतून काढावा. आपण सभेंत नेमकें उलटें करतों. समोरच्या खुर्चीवरच्या अध्यक्षांवर ओरडतों आणि मागच्या रांगेंतल्या म्हाताऱ्याशीं कुजबुजतों. आमची शाळा पत्र्याच्या छपराची होती. मुळशीचा आषाढांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्या पत्र्याखालीं शिकविणें म्हणजे काय हें सांगावयास नको. नवा मास्तर पहिल्या आठवड्यांत पावसावर ओरडतो आणि चार दिवसांत त्याचा घसा बसतो. जुना मास्तर आवाज चढवीत नाहीं. तो गति कमी करतो, व्यंजनें स्पष्ट ठोकतो आणि शेवटच्या बांकावरच्या मुलाकडे पाहून बोलतो. पावसाच्या आवाजांत व्यंजनेंच आधीं बुडतात, म्हणून तीं नीट उच्चारावीं लागतात. नट ज्याला आवाज 'फेंकणें' म्हणतात तें हेंच होय.

ह्यासाठीं दमसास पाहिजे. तो कमावण्याची नटांची रीत सोपी आहे. उताणें निजावें, पोटावर एखादें जाड पुस्तक ठेवावें आणि श्वास घ्यावा. पुस्तक वर आलें पाहिजे. खांदे हलतां कामा नयेत. मग एका श्वासांत एकापासून वीसपर्यंत अंक सावकाश म्हणावे. विसावा अंक पहिल्याइतकाच स्पष्ट ऐकूं आला पाहिजे. ह्या शेवटच्या अटीला मराठींत विशेष महत्त्व आहे, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. इंग्रजींत नकार वाक्याच्या मध्यावर येतो. मराठींत तो शेवटीं येतो. "ह्या ठरावाला आमची संमति आहे असें समजूं" इतकें मोठ्यानें ऐकूं आलें आणि "नये" हा शब्द दम संपल्यामुळें विरून गेला, तर बोलणाऱ्यानें विरोध केला काय आणि पाठिंबा दिला काय, लिहून घेणाऱ्याला दोन्ही सारखेंच! म्हणून मराठी वक्त्यानें वाक्याचें शेंपूट कधींही सोडूं नये. क्रियापद आणि नकार हे शब्द उंबरठ्याच्या बाहेरपर्यंत पोंचवून द्यावे.

बोलण्यांतल्या दोषांची आपल्या पूर्वजांनीं केलेली यादी आजही लागू पडते. पाणिनीय शिक्षेंत वाईट पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत: गाण्यासारखें हेल काढून म्हणणारा, घाईघाईनें म्हणणारा, मान हालविणारा, लिहिलेलें तसेंच वाचणारा, अर्थ न कळतां म्हणणारा आणि खोल गेलेल्या आवाजाचा. शाळांतल्या वक्तृत्वस्पर्धांत परीक्षक म्हणून बसावें. हे सहाही महाभाग एका दुपारीं भेटतात! "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथें जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" हें सारें एका श्वासांत, एका सुरांत, उजवा हात यंत्रासारखा पुढें करून म्हटलें जातें. उच्चार कसा करावा ह्यासाठीं त्याच ग्रंथांत एक फार सुंदर दृष्टान्त आहे: वाघीण आपलें पिलूं दाढेंत धरून नेते, तेव्हां तें पडूंही नये आणि त्याला दांतही लागूं नये अशी काळजी घेते, वर्णांचा उच्चार तसा करावा. फार ढिला नको, फार आवळलेला नको.

आतां विराम. भरतांनीं पाठ्याच्या अंगांत 'विच्छेद' हें अंग पहिलें सांगितलें आहे. विच्छेद म्हणजे थांबणें. नवख्या वक्त्याला थांबण्याची भीति वाटते. आपण थांबलों तर लोकांना वाटेल हा विसरला, असें त्याच्या मनांत येतें, आणि ती रिकामी जागा तो "म्हणजे काय कीं", "तर अशा प्रकारें" असल्या भरताडानें भरून काढतो. नटाला ठाऊक असतें कीं, महत्त्वाच्या शब्दापूर्वींचा विराम श्रोत्यांना पुढें झुकवितो आणि महत्त्वाच्या शब्दानंतरचा विराम तो शब्द त्यांच्या मनांत उतरूं देतो. मनांतल्या मनांत दोन अंक मोजावे. बोलणाऱ्याला तो काळ युगासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला तो श्वासाइतकाच वाटतो.

विरामाच्या जोडीला काकु, म्हणजे आवाजाच्या फरकानें होणारा अर्थाचा फरक. आपण एक लहानसें वाक्य घेऊं: "आमची जमीन आम्हीं दिली नाहीं." पहिल्या शब्दावर जोर द्या, अर्थ निघतो कीं, दुसऱ्याची दिली असेल, आमची नव्हे. दुसऱ्यावर द्या, जमीन दिली नाहीं, दुसरें कांहीं दिलें असेल. 'आम्हीं' ह्यावर द्या. दुसऱ्याच कोणीं तरी ती आमच्या नांवानें दिली, असा संशय उभा राहतो. 'दिली' ह्यावर द्या. दिली नाहीं, घेतली गेली, असा आरोप होतो. आणि 'नाहीं' ह्यावर जोर दिला म्हणजे तो साधा, ठाम इन्कार होतो. पांच शब्दांच्या एका वाक्यांत पांच अर्जांचा मजकूर आहे. बोलणाऱ्यानें घरून निघण्यापूर्वींच ठरवावें कीं, आपला अर्ज ह्यांतला कोणता. नट आपल्या नकलेवर पेन्सिलीनें खुणा करतो त्या ह्याचसाठीं. आपल्या टिपणावर आपणही जोराच्या शब्दाखालीं एक रेघ आणि विरामाच्या जागीं एक उभी रेघ मारावी. एवढ्यानेंच भाषण निम्में सुधारतें.

आंगिक अभिनयाविषयीं थोडें सांगतों, कारण येथें कमी करणें हेंच अधिक करणें आहे. हॅम्लेट नाटकवाल्यांना जो उपदेश करतो त्यांत हातांनीं हवा कापीत बसूं नका आणि कृति शब्दांना शोभेल अशी ठेवा, असा आशय आहे. वक्त्यालाही तो शब्दशः लागू आहे. नटाचा प्रवेश पहिल्या शब्दानें सुरू होत नाहीं. तो विंगेंतून पाऊल बाहेर पडतांच सुरू होतो. तसेंच वक्त्याचें भाषण खुर्चीवरून उठतांच सुरू होतें. घाईनें येऊन, येतां येतांच बोलावयास लागूं नये. यावें, दोन्ही पाय जमिनीवर सारख्या भारानें टेकावे, सभेकडे पाहावें, श्वास घ्यावा आणि मग बोलावें. हातांना काम नसेल तेव्हां ते सरळ खालीं सोडावे. त्यांना खिसे, बटणें आणि चष्मा ह्यांच्याशीं खेळूं देऊं नये. दोन माणसांमधला संवाद सांगावयाचा असेल तर कीर्तनकाराची युक्ति करावी: एकाचें बोलणें किंचित् उजवीकडे वळून, दुसऱ्याचें किंचित् डावीकडे वळून. "मग साहेब म्हणाले", "मग मी म्हणालों" ह्या पालुपदाची त्यामुळें गरज उरत नाहीं.

आणि श्रोत्यांना बोलतें करावें. गाडगेबाबा कीर्तनांत पुढें बसलेल्या लोकांना आपल्या वऱ्हाडी बोलींत साधे साधे प्रश्न विचारीत, आणि लोकांनीं आपल्याच तोंडानें उत्तर दिल्यावर तें उत्तर त्यांच्याच पदरांत घालीत. बाबांना शाळा ठाऊक नव्हती. पण हजारों माणसांशीं एका माणसाशीं बोलावें तसें बोलण्याची कला त्यांच्याइतकी थोड्यांनाच साधली असेल.

आतां सात्त्विक अभिनय. हा खरा गाभा आहे. आवाज आणि हात हे बाहेरचे नोकर. धनी आंत बसलेला असतो. रशियांतील नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की ह्यांनीं नटांना शिकविलेल्या दोन गोष्टी वक्त्याला फार उपयोगी आहेत. पहिली ही कीं, नटानें "मी दुःख दाखवितों" असें कधीं म्हणूं नये; ह्या प्रवेशांत मला समोरच्याकडून काय करवून घ्यावयाचें आहे, हें एका क्रियापदांत सांगावें. वक्त्यानेंही भाषणापूर्वीं कागदावर एकच वाक्य लिहावें: माझें बोलणें संपल्यावर ह्या लोकांनीं काय करावें? "पाण्याच्या टंचाईवर बोलणें" हा हेतु नव्हे. "मे महिन्यापूर्वीं विहिरीचा गाळ काढण्यास सभेचा होकार मिळविणें" हा हेतु होय. हेतु असा ठरला म्हणजे हात कोठें ठेवावे आणि आवाज कोठें चढवावा हे प्रश्न आपोआप सुटूं लागतात.

दुसरी गोष्ट लक्ष देण्याच्या वर्तुळाची. रंगभूमीवर आल्यावर समोरच्या काळोखांतले शेंकडों डोळे नटाला गिळूं पाहतात. त्यावर ह्या आचार्यांचा उपाय असा कीं, लक्ष आधीं एका लहान वर्तुळांत बांधावें. हातांतली वस्तु, जवळचा माणूस, एवढेंच. मग तें वर्तुळ हळूहळू वाढवावें. वक्त्यानें पहिलें वाक्य एका ओळखीच्या चेहऱ्याला सांगावें, दुसरें त्याच्या शेजाऱ्याला, आणि मग मागच्या रांगेकडे जावें. भीति सगळ्यांना वाटते. मोठमोठे नटही पहिल्या प्रवेशापूर्वीं विंगेंत अस्वस्थ असतात. परंतु भीतीचें मूळ "मी कसा दिसतों?" ह्या प्रश्नांत आहे, लक्ष "ह्यांना हें कळलें का?" ह्या प्रश्नाकडे वळलें कीं भीति आपोआप पातळ होते.

ह्याची प्रचीति मला शाळेंत वारंवार येई. धनगरवाड्यावरून येणारी एक मुलगी वर्गांत उभी केली कीं मुकी होई. मधल्या सुटींत मात्र बिबट्यानें शेळी कशी उचलली हें ती मैत्रिणींना अशा रंगानें सांगे कीं, ऐकणाऱ्यांच्या अंगावर कांटा उभा राही. बिबट्याची दबकी चाल तिच्या खांद्यांत येई, शेळीचें बेंबटणें तिच्या गळ्यांत येई, आणि नेमक्या जागीं ती थांबे. तिला अभिनय कोणीं शिकविला नव्हता. मीं तिला भाषण पाठ करावयास न देतां एवढेंच सांगितलें कीं, उद्यां हीच गोष्ट वर्गाला सांग, आणि शेवटीं वाड्यावर दिवाबत्ती नसल्यामुळें काय होतें तेंही सांग. ती बोलली. पुढें गांवच्या ग्रामसभेंतही तीच गोष्ट ती बोलली, आणि मोठीं माणसें ऐकत राहिलीं. आपल्यापैकीं प्रत्येकाजवळ असा एक मधल्या सुटींतला आवाज आहे. नटाची विद्या आपल्याला नवा आवाज देत नाहीं. तो जुनाच आवाज चारचौघांत घेऊन जाण्याची वाट दाखविते.

ह्यासाठीं तालीम पाहिजे. नाटक कंपनींत एका प्रवेशाची तालीम कितीही वेळां झाली तरी कोणी कंटाळत नाहीं. आपण मात्र भाषण मनांतल्या मनांत एकदां वाचून सभेला जातों. मनांत वाचणें ही तालीम नव्हे. उभें राहून, मोठ्यानें, घड्याळ लावून बोललें पाहिजे. घरांतल्या एकाला समोर बसवावें आणि मध्येंच अडथळा आणावयास सांगावें, कारण सभेंत तो येणारच. संपूर्ण भाषण पाठ करूं नये. एक शब्द निसटला कीं सगळी माळ ओघळते. पहिलें वाक्य आणि शेवटचें वाक्य मात्र अक्षर न् अक्षर पाठ असावें. मधले मुद्दे तीनच ठेवावे. आणि ध्वनिक्षेपक असेल तर ओरडूं नये. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर ह्या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून घरगुती, स्वाभाविक बोलण्याची वाट मराठी नाटकाला दाखविली. ध्वनिक्षेपकापुढें तीच वाट बरोबर आहे. येथें, ह्या नभोवाणीच्या खोलींत, तुम्हांला माझा हातही दिसत नाहीं आणि चेहराही दिसत नाहीं. तरी मी हंसत बोललों कीं कपाळाला आठी घालून बोललों हें तुम्हांला कळतें. इतका चेहरा आवाजांत उतरतो.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे, नाहीं तर आजचें बोलणें अपुरें राहील. नट दुसऱ्याचे शब्द बोलतो आणि तें प्रेक्षकांना ठाऊक असतें. त्यांत फसवणूक नाहीं. दुष्यंताचें काम करणारा पडदा पडल्यावर रंग पुसून घरीं जातो, आणि शकुंतलेला ओळखलें नाहीं म्हणून त्याला कोणी जाब विचारीत नाहीं. वक्त्याला रंग पुसण्याची सोय नाहीं. तो बोलला त्या शब्दांसह त्याला घरीं जावें लागतें आणि दुसऱ्या दिवशीं त्याच लोकांत वावरावें लागतें. म्हणूनच क्विंटिलियन ह्या रोमन आचार्यानें नटाकडून शिकण्यास वक्त्याला मुभा दिली, पण नट होऊन बसण्यास बंदी केली. न वाटलेल्या दुःखाचे अश्रु सभेंत आणणें ही चोरी आहे. लोकमान्य टिळकांचें बोलणें साधें, अलंकारांवांचूनचें असे. पण तो मनुष्य बोलतो तें करणारा आहे हें लोकांना ठाऊक असल्यामुळें त्यांच्या साध्या वाक्याला वजन येई. तें वजन कोणत्याही तालमींत मिळत नाहीं.

डॉ. श्रीराम लागू हे कानघशाचे शस्त्रवैद्य आणि 'नटसम्राटा'ची भूमिका करणारे थोर नट. त्यांनीं आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' असें नांव दिलें. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा तो नट, अशी त्यामागची भावना आहे. वक्त्यानेंही स्वतःला असाच लमाण समजावें. आपण वाहतों तो माल म्हणजे आपल्या माणसांचें खरें म्हणणें. बैल सजविलेला असावा, घुंगरांचा नाद गोड असावा. पण गोणी रिकामी असेल तर बाजारांत पत राहत नाहीं.

ह्या विद्येचा ऐकणाऱ्यालाही एक मोठा फायदा आहे. विराम कसा घेतात, कंठ कसा भरून आणतात, प्रश्न विचारून होकार कसा काढून घेतात, हें ज्याला कळतें त्याला केवळ ढबीवर कोणी सहज भुलवूं शकत नाहीं. घर विकणारा, ठेव मागणारा आणि मत मागणारा हे तिघेही आज उत्तम तालीम घेऊन आपल्या दारांत येतात. त्यांचा अभिनय संपल्यावर, टाळी वाजविण्यापूर्वीं, गोणींत काय आहे तें पाहण्याची संवय आपल्याला लागली, तर पुष्कळ घरें वांचतील.

तेव्हां श्रोतेहो, येत्या सभेपूर्वीं निदान आठ दिवस एवढें करून पाहावें: सकाळीं श्वासाचा अभ्यास, मग कोणताही एक उतारा मोठ्यानें, वाक्यांचे शेवट सांभाळून वाचणें, रात्रीं आपल्या म्हणण्याचीं तीन वाक्यें घरच्या माणसांसमोर उभ्यानें बोलणें. मुलांनाही ह्यांत घ्यावें. त्यांना हंसूं येईल, येऊं द्यावें. आणि सभेच्या दिवशीं आपला नंबर पुकारला गेला म्हणजे सावकाश उठावें, दोन्ही पाय टेकावे, ओळखीचा एक चेहरा शोधावा, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत आवाज पोंचवावा.